हक्काचे टेबल नसलेली कार्यालये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

करोनानंतर आठवड्यातील काही दिवस कार्यालयात आणि उरलेले दिवस घरून काम ही पद्धत रुळल्यावर पुण्या-मुंबईतील अनेक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना नेमून दिलेली टेबले काढून घेतली. आता ॲपवर जागा आरक्षित करायची, मिळेल त्या टेबलावर लॅपटॉप जोडायचा आणि संध्याकाळी टेबल मोकळे करून निघायचे, अशी ‘हॉट डेस्किंग’ची व्यवस्था आहे. बरीच माणसे घरी असताना सर्वांच्या टेबलांचे भाडे का भरावे, हा व्यवस्थापनाचा प्रश्न रास्त आहे. परंतु भाड्यात जे वाचते त्याची भरपाई कर्मचारी रोज करत असतात, आणि ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

खराडीतील ज्या कार्यालयात मी काम करतो, तेथे आठवड्याच्या मधल्या दिवसांत बहुतेक सगळेच येतात. त्या दिवशी आरक्षण असो वा नसो, एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशा खुर्च्यांवर बॅगा ठेवलेल्या दिसतात. मुलाला पाळणाघरात सोडून येणारी सहकारी किंवा वाघोलीच्या कोंडीतून वाट काढत येणारा सहकारी पोहोचेपर्यंत पँट्रीलगतची किंवा दुसऱ्या मजल्यावरची जागाच उरलेली असते. खुर्चीची उंची आणि मॉनिटरचा कोन रोज नव्याने जुळवण्याचा कंटाळा येऊन बहुतेक जण तसेच बसतात. मान आणि पाठ दुखू लागते ती तेव्हापासून.

मात्र सर्वांत मोठे नुकसान नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींचे होते, असे माझे ठाम मत आहे. आमच्या पिढीला काम प्रशिक्षणवर्गात जेवढे समजले, त्याहून अधिक शेजारी बसलेल्या अनुभवी माणसाकडून समजले. चिडलेल्या ग्राहकाशी तो फोनवर कसा बोलतो, एखादी चूक शोधताना आधी काय तपासतो, हे सहज कानावर आणि नजरेस पडत असे, आणि अडले तर खुर्ची वळवून विचारता येत असे. आज तोच प्रश्न चॅटवर लिहून विचारावा लागतो. लिहिलेले कायम राहते, आपले अज्ञान सर्वांना दिसेल, या संकोचाने नवखी मुले विचारतच नाहीत आणि चूक बऱ्याच उशिरा उघड होते. संघाची माणसे वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरलेली असतील, तर केवळ ऑनलाइन बैठकीसाठी दोन तास प्रवास करून कार्यालयात येण्याला काय अर्थ उरतो?

हा प्रयोग नवा नाही. अमेरिकेतील शायट/डे या जाहिरात संस्थेने १९९४च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये नेमून दिलेली टेबले रद्द केली होती. कर्मचारी सकाळी लॅपटॉप आणि फोन उसने घेत आणि स्वतःचे सामान लॉकरमध्ये ठेवत. कागदपत्रे ठेवायला जागा नाही, सहकारी सापडत नाहीत, अशा तक्रारी वाढत गेल्या आणि काही वर्षांतच संस्थेने नव्या कार्यालयात पुन्हा प्रत्येकाला स्वतःची जागा दिली. तेव्हापासून साधने फार सुधारली. पण जवळ बसण्याची गरज ॲपने भागलेली नाही.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार आस्थापनांनी समान संधी धोरण जाहीर करणे अपेक्षित आहे. ज्याला विशिष्ट खुर्ची, ठरावीक प्रकाश किंवा स्वच्छतागृहाजवळची जागा लागते, त्याला ती रोज ॲपवर झगडून मिळवायला लावणे हे त्या कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे. अशा कर्मचाऱ्यांना आणि गर्भवती महिलांना कायमची जागा द्यावी. ती मागताना त्यांना वारंवार प्रमाणपत्रे दाखवावी लागू नयेत. उरलेल्यांसाठी टेबले सामायिक ठेवायची असतील तर खुशाल ठेवावीत, पण प्रत्येक संघाचा विभाग ठरलेला असावा आणि नवख्यांना निदान पहिले वर्षभर अनुभवी सहकाऱ्याच्या शेजारची जागा मिळावी. त्यासाठी चार टेबले जास्त लागली, तरी तो खर्च कंपनीने सोसायला हवा.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे