मावशीच्या लेकीसाठी, आणि तुमच्यासाठीही

दुबई,
रविवार

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतेय, पण बाबांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याच्या दोन प्रती काढून आणाव्यात. एक तुम्हाला, एक धाकट्या मावशीकडे. तिच्या लेकीचं विमान कंपनीत माझ्यासारखंच हवाई सुंदरी म्हणून सिलेक्शन झाल्याचं कळल्यापासून मला राहवत नाहीये. आई, तू म्हणालीस, "तिला चार गोष्टी समजावून सांग." या चार गोष्टी फोनवर मावायच्या नाहीत. शिवाय त्या तुम्हालाही कळाव्यात असं मला फार दिवसांपासून वाटतंय. मी कुठूनही फोन केला की तुम्ही विचारता, काय काय बघितलंस? आणि मी "झोपले होते" म्हटलं की तुमचा आवाज उतरतो. वाटतं, पोरगी इतक्या लांब जाते आणि हॉटेलात पडून राहते.

तर आधी झोपेचंच सांगते. लेओव्हर, म्हणजे परतीच्या फ्लाइटआधीचा परगावचा मुक्काम, ही फिरायला दिलेली सुट्टी नाही. दोन ड्यूट्यांच्या मधे क्रूला, म्हणजे विमानातल्या आम्हा कर्मचाऱ्यांना, ठराविक तासांची विश्रांती मिळालीच पाहिजे असा नियम आहे, आणि त्यासाठीच कंपनी हॉटेलची खोली देते. कुठलंही मोठं प्रवासी विमान अर्धे दरवाजे बंद धरून 90 सेकंदांत रिकामं होतं हे दाखवल्याशिवाय त्याला परवानगी मिळत नाही. प्रत्यक्षात वेळ आली तर ते रिकामं करणारी माणसं आम्ही. चहा-जेवण देणं हे आमचं दिसणारं काम. पहाटे तीन वाजता समुद्रावर असताना कुणाच्या छातीत दुखायला लागलं किंवा गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, धूर आला, तर त्या क्षणी डोकं जागेवर असणं हे खरं काम. म्हणून मी "झोपले होते" म्हणते तेव्हा मी माझं काम नीट केलेलं असतं, एवढं समजा.

पोरीला सांगा, चोवीस तासांच्या लेओव्हरमध्ये तिथल्या घड्याळाच्या मागे लागायचं नाही. न्यूयॉर्क उन्हाळ्यात दुबईच्या आठ तास मागे असतं, हिवाळ्यात नऊ. शरीर दिवसाला जेमतेम तासभर सरकतं. ते तिथलं व्हायच्या आत परतीचं पिकअप दारात उभं असतं. मी हातातलं घड्याळ दुबईचंच ठेवते आणि इथली रात्र होईल तेव्हा झोपते, मग बाहेर भर दुपार असेना का. त्यासाठी खोलीत अंधार हवा, आणि हॉटेलचे पडदे मधे बोटभर फट ठेवतातच. कपाटात पँट अडकवायचा चिमट्यांचा हँगर असतो, त्यानं दोन्ही पडदे एकत्र धरायचे. एसी जरा थंड करायचा, दाराबाहेर "डू नॉट डिस्टर्ब"ची पाटी लावायची, आणि झोपायच्या सहा तास आधीपासून कॉफी बंद. वेक-अप कॉल रिसेप्शनला सांगायचा आणि फोनवर अलार्मही लावायचा. एकावर भरवसा ठेवायचा नाही.

आता खोलीचं, कारण काकांना, म्हणजे पोरीच्या बाबांना, काळजी त्याचीच असणार. एकटी पोर, परका देश. काका, हे नीट वाचा. रिसेप्शनवर खोलीचा नंबर कुणी मोठ्यानं उच्चारला तर तिनं शांतपणे दुसरी खोली मागायची. कुणी वाईट वाटून घेत नाही. आत शिरताना बॅग दारात आडवी लावून दार उघडंच ठेवायचं, बाथरूम, कपाट, पडद्यामागे बघायचं, आणि मगच दार लावून वरची कडी घालायची. आपल्या दारापासून आगीच्या जिन्यापर्यंत किती दारं लागतात ती मोजायची, कारण धुरात काही दिसत नाही, भिंतीला हात लावून जावं लागतं. न मागवता कुणी रूम सर्व्हिस म्हणून दार ठोठावलं तर उघडण्याआधी खाली फोन करायचा. हॉटेलचं स्थानिक भाषेतलं कार्ड पर्समध्ये हवं, टॅक्सीवाल्यापुढे धरलं की काम होतं. आणि पासपोर्ट तिजोरीत ठेवला तर सोबत ड्यूटीचा एक बूटही आत ठेवायचा. एका पायात बूट घालून कुणी विमानतळावर जात नाही, त्यामुळे पासपोर्ट मागे राहत नाही. हे सगळं माझ्या अंगवळणी पडलंय, तिच्याही पडेल.

आई, आता तुझं खातं. मावशी पोरीची बॅग भरायला बसली की तू शेजारी बस, कारण मावशी ऐकायची नाही. खसखस दुबईत आणि सिंगापूरला बंद आहे. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते, पुडी छोटी की मोठी हे कुणी बघत नाही. म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला खसखस घालून केलेला असेल तर तोही जाणार नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानात घालायच्या नाहीत. त्यातल्या तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत नको, ती हातातल्या बॅगेत. खोकल्याची, दुखण्याची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नकोत. कोडीन, म्हणजे अफूपासूनचा घटक, असलेलं औषध इथे आगाऊ परवानगीशिवाय आणता येत नाही.

ऑस्ट्रेलियाचं तर वेगळंच. तिथे खाण्याचं काहीही जवळ असलं तरी उतरताना भरायच्या कार्डावर "आहे" लिहायचं. लिहिलं तर फार तर काढून घेतात. न लिहिता सापडलं तर जबर दंड, आणि व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. विमानात उरलेलं सफरचंद पर्समध्ये टाकणं ही क्रूची सवय असते, आणि नव्या मुली त्यातच अडकतात. अमेरिकेतही फळ नको. उतरण्यापूर्वी पर्स उपडी करून बघायची.

तिच्यासोबत काय द्यायचं? भडंग. हॉटेलच्या खोलीत अवेळी भूक लागते तेव्हा त्याच्यासारखं काही नाही. फक्त लसूण कमी घाल, सोबत ड्यूटी करणाऱ्यांना दिवसभर वास येतो.

फिरण्याबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते बऱ्याच जणींना पटत नाही. दर खेपेला नवं ठिकाण बघायचा हट्ट करू नये. झोप झाल्यावर जे चार-सहा तास उरतात, त्यात एक जागा धरावी आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच जावं. नावं टिपत धावणाऱ्या मुली सहा महिन्यांत थकतात. चहावाली बाई ओळखीची झाली की ते शहर परकं राहत नाही.

माझी अशी जागा म्हणजे जपानमधलं नारिता. टोकियोचा तो विमानतळ खुद्द टोकियोपासून साठ किलोमीटरवर आहे. सगळ्या नव्या मुली खोलीत बॅग टाकून ट्रेन पकडून टोकियोला पळतात, जाऊन-येऊन तीन तास जातात आणि परतीच्या फ्लाइटला डोळे लाल. नारिता गावातच स्टेशनपासून देवळापर्यंत एक जुनी बाजारपेठ जाते, सुमारे 800 मीटर, उतरत उतरत. दोन्ही बाजूंना लाकडी दुकानं, लोणची, भाजलेले तांदळाचे पापड. मधे वाम माशाची खानावळ लागते. तिथे दारातच माणसं फळीवर बसलेली. जिवंत वाम फळीवर धरतात, डोक्यात एक खिळा ठोकतात आणि पाठीकडून एकाच फटक्यात शेवटापर्यंत चिरतात. काटा अख्खा सुटून येतो. मग तुकडे काठीत ओवून कोळशावर जातात. बाबा, तुम्ही तिथून हलला नसता.

रस्त्याच्या शेवटी शिन्शोजीचं देऊळ आहे, 940 सालातलं. बौद्ध देऊळ, पण आई, तिथे रोज होम होतो. मोठा सभामंडप, बूट काढून आत जायचं, चटईवर बसायचं, तिकीट नाही. एकदम केवढातरी ढोल वाजायला लागतो, तो कानात नाही, बरगड्यांत वाजतो. पुजारी मंत्र म्हणतात, समिधा रचतात, ज्वाळा वर चढतात. मागे मूर्ती फुदो म्योओची, एका हातात तलवार, एका हातात दोर, पाठीमागे अग्नी. हा आपल्याकडून तिकडे गेलेला अचल नावाचा बौद्ध देव. होम चालू असताना लोक उठून आपल्या पर्सा, पिशव्या पुढे देतात, पुजारी त्या ज्वाळांवर धरून परत देतात. मी माझी ड्यूटीची हँडबॅग देते. नवरात्रात मी घरी नसते, अंबाबाईची पालखी बघता येत नाही, तेव्हा इथे येऊन बसते आणि मला बरं वाटतं. देवळामागे मोठी बाग आहे, तळी आहेत, तिथून चालत हॉटेलवर. एवढंच करते, आणि पुरतं.

तिथे एकच अडचण, शाकाहाराची. शुक्रवारी मी मांस-मासे खात नाही, आणि जपानी नूडल्सच्या साध्या दिसणाऱ्या पाण्यातही माशाचा अर्क असतो. मग कोपऱ्यावरच्या दुकानात आंबट प्लम घातलेला भाताचा गोळा घ्यायचा. चांगला लागतो.

न्यूयॉर्कला जास्त वेळ मिळाला तर क्वीन्समध्ये फ्लशिंगला जायचं. सात नंबरच्या मेट्रोचं शेवटचं स्टेशन, मग थोडं चालणं. बाऊन स्ट्रीटवर 1977 पासून गणपतीचं मोठं देऊळ आहे आणि त्याच्या तळघरात कँटीन. कागदाच्या ताटलीत डोसा, सांबार, फिल्टर कॉफी. चौदा तासांच्या फ्लाइटनंतर गरम सांबाराची वाटी हातात आली की माणूस परत माणसांत येतं. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघायला बोटीचं तिकीट काढायची गरज नाही. स्टेटन आयलंडची फेरी फुकट आहे, पंचवीस मिनिटांची, पुतळ्याच्या समोरूनच जाते.

बाकी गावांचं थोडक्यात. फ्रँकफर्टला रविवारी दुकानं बंद असतात, सामान शनिवारी घ्यायचं, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या टाकायच्या नाहीत, दुकानातल्या मशीनमध्ये घातल्या की बाटलीमागे 25 सेंट परत मिळतात. लंडनला मोठी म्युझियम फुकट आहेत, पाऊस असला की तिथे. सिंगापूरच्या मेट्रोत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, दंड आहे. आणि कुठल्याही देशात कार्ड मशीननं "रुपयात की इथल्या पैशात?" असं विचारलं तर इथल्याच पैशात, नाहीतर दर त्यांच्या मनाचा लागतो. समुद्रकाठच्या लेओव्हरला स्कूबा डायव्हिंगचा मोह होतो. पाण्याखाली जाऊन आल्यावर 24 तास विमानात बसायचं नाही, म्हणजे लेओव्हरला ते नकोच.

एक गोष्ट मात्र मावशीला तूच सांग, आई, कारण ती माझ्यापेक्षा तुझं ऐकेल. पोरीला सर्दी झाली तर "हळद-दूध घे आणि जा" म्हणायचं नाही. नाक-कान बंद असताना विमान खाली यायला लागलं की कानाच्या पडद्यावर दाब येतो, तो फाटूही शकतो. आजारी असताना ड्यूटी नाकारणं हे नियमातच बसतं. आपल्याकडे कामाला दांडी मारणं म्हणजे गुन्हा, बाबांनी तापातसुद्धा ड्यूटी चुकवली नाही हे मला माहीत आहे आणि त्याचा अभिमानही आहे. पण या कामाला तो न्याय लावता येत नाही.

आणि एकटेपणाचं. मोठ्या कंपनीत जवळजवळ प्रत्येक फ्लाइटला नवीन माणसं असतात. उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगला ओळख, परत आल्यावर टाटा. रात्री सगळे बाहेर निघाले आणि तिला नको वाटलं तर "नको" म्हणायचं, कारण द्यायची गरज नाही. पण सकाळच्या नाश्त्याला मात्र एकटं बसायचं नाही, कुणाच्या तरी टेबलावर जायचं. परक्या गावात मन जड होतं ते रात्री नाही, सकाळी, उशीवरून उठल्यावर. तेव्हा समोर एक माणूस बोलायला असलं की निभतं.

बाबा, तुम्ही फोनवर माझं विमान नकाशात बघत बसता हे आईनं सांगितलं. बघा, मला आवडतं. फक्त चाकं टेकली की लगेच फोन करू नका. प्रवासी उतरतात, मग आम्ही, मग इमिग्रेशन, मग बस, दीड-दोन तास जातात. खोलीत गेले की मी एक मेसेज टाकेन, त्यानंतर झोपेन, आणि उठल्यावर फोन मीच करेन. काकांनाही हाच नियम सांगा. पोरीचा फोन दिवसभर आला नाही तर ती बहुतेक झोपलेली असते.

आता तुमचं काम. बाबांचा पासपोर्ट संपत आलाय. इथे यायला किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते, तेव्हा या महिन्यातच पासपोर्ट केंद्रात अपॉइंटमेंट घ्या. थंडीत या, उन्हाळ्यात इथे बाहेर पडवत नाही. एक दिर्‍हम देऊन खाडी ओलांडणारी लाकडी होडी आहे, त्यात बाबांना बसवायचंय.

तुमची,
लेक

ता. क. आई, माझ्यासाठी मसाला पाठवशील तेव्हा खसखशीऐवजी तीळ वाढव. डब्यावर तारीख आणि काय काय घातलंय ते इंग्रजीत लिहून चिकटव.