बाळाची सीट बसवली आहे

सोलापूर

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली बाळाची सीट मिळाली. खोकं एका कोपऱ्यात चेपलं होतं, आतला माल धड आहे. गाडीत बसवूनही झाली. फोनवर सांगायला लागलो की तुझी आई फोन काढून घेते आणि बोलणं डिंकाच्या लाडवांवर जातं, म्हणून लिहूनच पाठवतोय. जावईबापूंनाही वाचायला दे.

सीट मागे, डाव्या बाजूला बसवलीय. बाळाचं तोंड मागच्या काचेकडे, पाठ ड्रायव्हरच्या दिशेला. आपली गाडी जुनी, तिला आयसोफिक्सच्या, म्हणजे बाळाची सीट थेट अडकवायच्या लोखंडी कड्या नाहीत. म्हणजे सगळी मदार गाडीच्या पट्ट्यावर. आणि खरी झटापट तिथंच झाली.

या सीटला कमर आणि खांदा अशा दोन्हींवरून येणारा पट्टा लागतो. मागच्या मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा आहे, त्यामुळं मधली जागा बादच. कमरेचा भाग बाळाच्या पायांवरून, सीटच्या दोन्ही कडांना निळ्या खुणा आहेत त्यांतून जातो. खांद्याचा भाग सीटच्या पाठीला वळसा घालून येतो. एवढा वळसा घालायचा म्हणजे पट्टा लांब हवा, आणि आपला पट्टा बकलापासून चार बोटं आधीच संपला. आपल्या कुशनवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "अप्पा, वीतभर तुकडा जोडून देतो की, हत्ती लोंबकळला तरी तुटायचा नाही." त्याची शिलाई चांगली असते, वाद नाही. पण गाडीचा पट्टा, त्याचा दोरा, बकल हे सगळं एकत्र ओढून तपासलेलं असतं. मधे जोडलेल्या तुकड्याची तपासणी कुणी केलीय? लूमवर जॉबर म्हणून, माग दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा, ताण बसला की आधी जोड सुटतो हे मला कुणी शिकवायला नको. चहा पाजून त्याला परत पाठवला.

मग नीट बघितलं तर दोष पट्ट्याचा नव्हताच. आपण जे रेक्झिनचं कव्हर घातलंय ना, तुझ्या आईनं पसंत केलेलं तपकिरी, त्याच्याखाली दोन बोटं जाडीचा स्पंज आहे. त्यानं सीट उचलली जायची आणि बकल आत गडप व्हायचं. मागचं कव्हर काढलं आणि पट्टा पुरला, वर थोडा उरलासुद्धा. स्पंजावर सीट डुलायची, तेही थांबलं. आता पट्टा जिथून जातो तिथं धरून हलवलं तर इंचभरही सरकत नाही. बाळाच्या डोक्याकडची बाजू थोडी खालीवर होते, ती होणारच. तपासायचं ते पट्ट्यापाशी. आई कव्हरावरून दोन दिवस बोलली नाही, पण ते आता चालायचंच.

दुसरी गोष्ट सीटच्या तिरकेपणाची. तान्ह्या बाळाची मान धरत नाही. सीट फार उभी झाली की हनुवटी छातीवर पडते आणि श्वासाची वाट चेपते. गाडीची मागची सीट पाठीकडे उतरती असते, त्यामुळं पाठमोरी सीट आपोआप उभी होते. पायांकडची बाजू वर घ्यावी लागते. सीटबरोबर आलेल्या पुस्तकात टॉवेलची गुंडाळी चालेल असं लिहिलंय, आणि सोलापुरात टॉवेलला काय तोटा! एक जाड टर्किश टॉवेल घट्ट गुंडाळून गादी आणि पाठ मिळते त्या खाचेत दिला. सीटच्या कडेला एक रेघ आहे, ती जमिनीशी समांतर यायला हवी. आपल्या दारात उतार आहे, तिथं ती रेघ बघून उपयोग नाही. गाडी होटगी रोडला सपाटीवर नेऊन बघून आलो. सगळ्या सीटना टॉवेल चालत नाही, त्यामुळं पुढं सीट बदलली तर तिचं पुस्तक आधी वाच.

आता जागेचं. ही सीट इतकी जागा खाते की पुढची डावी सीट पार पुढं सरकवावी लागली. तिथं बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. म्हणून दवाखान्यातून येताना मी गाडी चालवणार, माझ्या मागे तू, तुझ्याशेजारी बाळ, आणि पुढं तुझी आई, ती बुटकी आहे. बस, एवढीच माणसं. काकांना रिक्षानं यायला सांगितलंय. ते रुसलेत. बारशाला येतील.

आज्जीचा आणि आत्याचा वेगळाच सूर आहे. "दहा मिनिटांचा रस्ता, बाळ मांडीवर घ्यायचं, त्याला प्लास्टिकात कशाला कोंबता?" हे तुझ्या कानावर येईलच. तू बाळंतीण, तू वाद घालत बसू नकोस, ते माझ्यावर सोड. आज्जीला मी हिशोब करून दाखवला. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. गाडी समोर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक गोष्टीला तिच्या वजनाच्या चौदापट ओढ बसते. तीन किलोचं बाळ त्या क्षणी 40 किलोच्या वर ओढतं. ज्वारीचं पोतं एकदम हातातून हिसकावलं तर कुणाला धरवेल? आज्जी म्हणाली, तू हळू चालव. मी हळूच चालवतो, पण सात रस्ता चौकात समोरून येणारा हळू येईल याची हमी कोण देणार?

पाठमोरं का, हेही तिनं विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता. नवजात बाळाचं डोकं म्हणजे त्याच्या लांबीचा चौथा हिस्सा. आपल्यात ते आठवा हिस्सा असतं. एवढं जड डोकं आणि खाली मानेचे मणके अजून बरेचसे कुर्चेचे. पुढं तोंड करून बसवलं तर पट्टा अंग धरतो आणि डोकं एकटंच पुढं झेपावतं. पाठमोरं असलं की डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीवर टेकतं आणि धक्का सगळीकडे वाटला जातो. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली. 1964 साली तिकडं पहिली सीट तपासली गेली. तिकडची मुलं चार वर्षांची होईपर्यंत पाठमोरी बसतात. युरोपच्या नव्या नियमात निदान 15 महिने तरी सक्तीचे आहेत. तुझी सीट 13 किलोपर्यंतची आहे. तोवर, किंवा डोकं सीटच्या वरच्या कडेपाशी येईतो, फिरवायची नाही. पाय दुमडले म्हणून कुणी "आता सरळ करा" म्हटलं तरी नाही. पोरं मांडी घालून मजेत बसतात.

कपड्यांचं आईला समजावून ठेवलंय, तूही लक्षात ठेव. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ या सीटमध्ये बसतच नाही, कारण एक पट्टा दोन पायांमधून येतो. झबलं-लंगोट घालून बसवायचं, पट्टे आवळायचे, मग वरून दुपटं पांघरायचं. खांद्याचे पट्टे खांद्याच्या बरोबरीनं किंवा किंचित खालून यावेत. आवळल्यावर पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे. कुंची नको, मागच्या घडीनं डोकं पुढं ढकललं जातं. तीट लावा, काळा दोरा बांधा, त्याला माझी ना नाही.

तुझी तारीख भर वैशाखातली. सोलापूरचं ऊन तुला सांगायला नको, दुपारी उभ्या गाडीतलं बकल हाताला चटका देतं. सीटवर पांढरी चादर टाकून ठेवतो. आणायला निघताना आधी एसी लावून गाडी गार करीन, बकलाला हात लावून बघीन, मग बाळ. आणि घरी आलं की झोपलेलं असलं तरी सीटमधून काढून पाळण्यात.

पुण्याला परत जाल तेव्हा अडीचशे किलोमीटर आहेत. एका दमात नको. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, यवत असे थांबे घ्या. थांबलात की बाळाला बाहेर काढून आडवं करा. पाजायचं तेही थांबल्यावर. चालत्या गाडीत रडलं म्हणून उचलून घेऊ नका. मागच्या काचेपाशी नारळ, डबे, पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या नाहीत, बाळाचं तोंड तिकडंच असतं. दंडाचं म्हणशील तर 2019 च्या दुरुस्तीनं कलम 194 ब आलंय, चौदाच्या आतलं मूल पट्ट्याविना नेलं तर हजार रुपये. हजार रुपयांसाठी मी एवढं लिहीत नाही, तरी जावईबापूंच्या मातोश्रींना सांगायला ते बरं पडेल. कायदा म्हटलं की त्या ऐकतात.

जावईबापूंची गाडी नवी, पुढं दोन्हीकडं एअरबॅग. त्या गाडीत ही सीट पुढं ठेवायची नाही, अगदी सोसायटीच्या गेटपर्यंतसुद्धा. डोळ्याचं पातं लवायच्या आत ती बॅग फुगते आणि पाठमोऱ्या सीटच्या पाठीवर, बाळाच्या डोक्यामागं थडकते. तिथं डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपतीही काढायला सांग, देव्हाऱ्यात ठेवा.

त्यांना दोन कामं सांग. मागचा पट्टा पूर्ण ओढून टेपनं मोजायचा आणि आकडा मला कळवायचा. आणि सीटच्या फटीत बोटं घालून आयसोफिक्सच्या कड्या आहेत का बघायचं, असल्या तर गाडीच्या पुस्तकातल्या त्या पानाचा फोटो पाठवायचा. तुझी सीट पट्ट्यावरची आहे, कड्यांवर बसवायची तर तिच्याच कंपनीचा बेस, म्हणजे खालची बैठक, वेगळा घ्यावा लागेल. तो तुम्ही यायच्या आधी मागवायचा की नको, हे फोटो बघून ठरवू.

तुझे,
अप्पा