मनू, गोळ्या घे, पण आधी हे वाच

प्रिय मनू,

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. फोनवर तू म्हणालीस की फार्मसीवाल्याने ऑक्सिकोडोन या जबर वेदनाशामकाच्या मोजक्याच गोळ्या दिल्या, आणि ती बाटली बघून तुझ्या रूममेटने असं तोंड केलं की जणू आत विषच आहे. आई मागेच उभी होती म्हणून मी तेव्हा जास्त बोललो नाही, तिच्या कानावर नुसता 'व्यसन' शब्द पडला असता तरी ती व्हिसाची फाईल काढून बसली असती. म्हणून लिहितोय. मेडिकलच्या काउंटरवर आयुष्य गेलं माझं, लेक्चर होणारच, सहन कर.

आधी हे सांगतो की दुखत असेल तर गोळी घे. कळ सोसत पडून राहिलीस तर फिजिओथेरपी होणार नाही आणि गुडघा आखडेल. पण ही म्हणजे आपली डायक्लो किंवा क्रोसिन नाही. ही अफूच्या घराण्यातली, मॉर्फिनची बहीण. मेंदूत मॉर्फिन जिथे जाऊन बसतं तिथेच ही बसते, दुखणं दाबते आणि बऱ्याच जणांना वर एक छान हलकं वाटणं पण देते. मग काही दिवसांत शरीर सरावतं, तेवढ्याच गोळीने तेवढा आराम पडत नाही, आणि बंद केली की घाम, जुलाब, अंग मोडून येणं, रात्रभर झोप नाही, आणि माणसाला वाटतं मूळ दुखणंच उलटलं, म्हणून अजून एक घेतो. यात कोणाचा स्वभाव वाईट किंवा संस्कार कमी असं काही नसतं. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्य संस्थेने, 2017 मध्ये आकडे काढले होते, पहिल्यांदाच अशी गोळी मिळालेल्या लोकांचे. निदान एक दिवसाची मिळाली त्यातले 6 टक्के लोक वर्षानंतरही घेत होते, आठ किंवा जास्त दिवसांची मिळाली तिथे साडेतेरा टक्के, आणि महिन्याची मिळाली तिथे 30 टक्क्यांच्या जवळ. ते सगळेच व्यसनी झाले असं नाही, पण पहिली चिठ्ठी जितकी लांब तितका धोका जास्त हे त्यातून दिसतंच. तुझ्या ओहायो राज्यात त्याच वर्षी नियम आला की अशा तात्पुरत्या दुखण्याला मोठ्या माणसाला सात दिवसांच्या वर देऊ नका. त्यामुळे त्या फार्मसीवाल्यावर चिडू नकोस.

आता हे एवढं पसरलं कसं ते ऐक, कारण माझ्या धंद्यातल्या माणसाला यातली प्रत्येक पायरी ओळखीची वाटते. 1980 मध्ये एका मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये एक पत्र छापून आलं, पत्र म्हणजे पाच वाक्यं फक्त. हॉस्पिटलात ॲडमिट असताना अशी औषधं दिलेल्या 11,882 पेशंटपैकी चारच जणांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढाच मजकूर. हॉस्पिटलात नर्सच्या हातून दोन डोस घेणं वेगळं आणि घरी महिनोन् महिने गोळ्या खाणं वेगळं, पण पुढे तेच पत्र जिकडेतिकडे पुरावा म्हणून दाखवलं गेलं. मग 1996 मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणली. औषध हेच, तुझ्या बाटलीतलं, पण बारा तास हळूहळू सुटणारं. लेबलवर असं लिहायला मिळालं की हळू शोषलं जातं म्हणून गैरवापराची शक्यता कमी मानली जाते. एमआरच्या, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणाऱ्या कंपनीच्या माणसाच्या, हातात एवढं वाक्य दिलं की झालं गं काम!

आमच्याकडे पण एमआर येतात, पेन देतात, दहावर एक फ्री सांगतात, मी चहा पाजून परत पाठवतो. पर्ड्यूने पाच वर्षांत त्यांची संख्या 318 वरून 671 केली, डॉक्टरांना टोप्या, सॉफ्ट टॉय, गाण्यांच्या सीडी वाटल्या, आणि पेशंटला पहिल्या गोळ्या फुकट मिळाव्यात म्हणून कूपन काढले. फुकट कूपन, अफूच्या औषधाला! विक्री 4 कोटी 80 लाख डॉलरवरून 2000 सालापर्यंत शंभर कोटींच्या वर गेली. तेव्हा तिकडे वाराही असा होता की दुखणं हे नाडी-तापासारखं प्रत्येक पेशंटला विचारून लिहायचं, आणि तो विचार मुळात वाईट नव्हता, लोकांचं दुखणं खरंच दुर्लक्षित होतं. पण त्या चांगल्या विचारावर टार्गेटवाल्यांनी आपली गाडी जुंपली. 2007 मध्ये कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला की व्यसनाचा धोका कमी आहे असं खोटं सांगून माल विकला, 2020 मध्ये आणखी गुन्हे कबूल केले. मधल्या काळात मालक सॅकलर कुटुंबाची नावं म्युझियमच्या भिंतींवर झळकत होती.

तुझ्या कोलंबसहून सरळ दक्षिणेला गेलीस की नदीकाठी पोर्ट्समथ लागतं. बुटाचे आणि पोलादाचे कारखाने बंद पडलेलं गाव. तिथे डॉक्टरांनी नुसते गोळ्यांचे दवाखाने उघडले, रोख पैसे द्या, तपासणी नावाला, चिठ्ठी घ्या. 2010 मध्ये त्या एका काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, 80 हजारांच्या आतबाहेर वस्ती असेल, 97 लाख गोळ्या गेल्या. मी होलसेलरकडे अचानक दसपट ट्रामाडॉल, म्हणजे याच जातीची सौम्य गोळी, मागितली तर दुसऱ्या दिवशी औषध निरीक्षक दारात उभा राहील, आणि तिथे हे वर्षानुवर्षं चाललं आणि होलसेलर माल पाठवत राहिले. शेवटी 2011 मध्ये कायदा करून ते दवाखाने बंद केले, त्याच्या आदल्या वर्षी कंपनीने गोळी कुटून नाकात ओढता येणार नाही अशी केली होती, पण तोवर लाखो माणसं अडकलेली, त्यातली कित्येक हेरॉईनकडे गेली, आणि 2013 नंतर त्यात त्याच जातीचं फेंटानिल आलं, जे हेरॉईनच्या पन्नासपट जोरकस. 2021 मध्ये अमेरिकेत ओव्हरडोसने एक लाखाच्या वर माणसं गेली.

आणि आपण फार साळसूद आहोत असं समजू नकोस. घाना, नायजेरियात ट्रामाडॉल पसरली ती बरीचशी भारतातून गेलेली, उन्हात राबणारी पोरं ती थकवा कळू नये म्हणून खातात, तिथे 225 मिलिग्रॅमची गोळी सर्रास, इथे आम्ही 50 ची देतो. 2018 मध्ये आपल्या सरकारने ट्रामाडॉल एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात टाकली, तर काहींनी टॅपेन्टाडॉल (तशीच वेदनाशामक) आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारं औषध) एकत्र करून नवीन गोळी काढली, जी जगात कुठेच मंजूर नव्हती. फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीने ते उघड केलं, कंपनी मुंबईची, कारखाना पालघरचा. पालघर, मनू! छुप्या कॅमेऱ्यासमोर कंपनीचा माणूस मान्य करतो की तब्येतीला वाईट आहे, पण धंदा आहे. त्यानंतर केंद्राने त्या गोळीच्या निर्यातीच्या परवानग्या काढून घेतल्या. मला राग याचा येतो की यात ना कुठला डॉन ना कुठली टोळी, सगळं बिल फाडून, लायसन्स नंबर टाकून.

आणि दुसरं टोक बघ. अफूची कायदेशीर शेती मध्य प्रदेश, राजस्थान, यूपीत होते, आणि आपल्याच गावाकडच्या कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन मिळत नाही, त्याच 1985 च्या एनडीपीएस कायद्याच्या धाकाने दुकानदार ठेवतच नाहीत, मी पण ठेवत नाही. 2014 मध्ये कायदा सैल केला, केरळात असाध्य आजाऱ्यांचं दुखणं कमी करणाऱ्या डॉ. राजगोपाल वगैरे लोकांनी त्यासाठी आयुष्य घातलं, पण शेवटच्या स्टेजचा माणूस अजून कण्हतच जातो. म्हणून रूममेटला सांग की सगळ्या गोळ्या संडासात ओता हे पण उत्तर नाही.

तर तू काय करायचं. पहिले दोन-तीन दिवस लागेल तशी घे, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानेच, मग पॅरासिटामॉलवर ये, पण बाटलीवरचं नाव नीट वाच, काही ब्रँडमध्ये पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. बिअर, वाईन, झोपेची गोळी सोबत अजिबात नको, या औषधाने माणूस दगावतो तो श्वास मंद होत होत. गाडी चालवू नकोस. पोट साफ होणार नाही, तर इसबगोल आणि पाणी, लाजू नकोस. ओव्हरडोस उतरवणारा नार्कनचा नाकात मारायचा स्प्रे तिकडे 2023 पासून चिठ्ठीशिवाय मिळतो, एक आणून ठेव आणि रूममेटला वापरायचा कसा ते दाखव. किती घेतल्या ते कागदावर लिहित जा. उरलेल्या पुढच्या वेळेसाठी म्हणून ठेवू नकोस आणि मैत्रिणीची दाढ दुखतेय म्हणून तिला देऊ नकोस, फार्मसीत परत टाकायचा डबा असतो त्यात टाक. आठवड्यानंतरही गोळीची आठवण येत असेल, दुखत नसताना, तर मला सांग, आईला मी बघतो.

टाके कधी काढणार ते कळव, आणि हॉस्पिटलचं बिल आलं की लगेच फोटो पाठव, इन्शुरन्सवाल्यांशी भांडायला मला रिकामा वेळ भरपूर आहे.

तुझा,
बाबा