झोपलास का रं?

सातारा,
९ नोव्हेंबर

प्रिय दिल्या,

सप्रेम जयभीम.

नाना गेले, त्यांच्या जलदानविधीला तू आलास, पंगतीत वाढायला उभा राहिलास, आणि मी तुझ्याशी धड चार शब्द बोललो नाही. नंतर तुझे दोन फोन आले तेही घेतले नाहीत. अडीच महिने झाले, मनात टोचत होतं. आईचा गुडघा तसाच आहे, माझी साखर गोळीवर ठीक, बाकी सगळे बरे. आता मुद्द्यावर येतो, कारण हे घरात कुणालाच सांगता येत नाही. आक्काला तर नाहीच.

विपश्यनेच्या सतिपट्ठान शिबिराचा अर्ज टेबलावर पडून आहे. दहा दिवसांची किमान तीन शिबिरं केलेल्यालाच त्याला बसता येतं, माझी चार झालीत. त्यात नवीन साधना देत नाहीत. तीच साधना, पण संध्याकाळच्या प्रवचनात बुद्धांचं महासतिपट्ठान सुत्त उलगडून सांगतात. दोन वर्षं मी याची वाट बघत होतो. आता पेन हातात घेतलं की नाना आठवतात, आणि पेन खाली ठेवतो.

त्या रात्री दवाखान्यात माझी पाळी होती. आक्का साडेदहाला घरी गेली. नानांना ऑक्सिजन लावलेला. मी स्टुलावर बसलो आणि त्यांचा उजवा हात हातात घेतला. तुला तो हात माहीत आहे. अंगठ्याच्या पेरावर पाना निसटून झालेली जुनी जखम, तिच्यात ऑइल मुरून काळी पडलेली रेघ. रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी ती रेघ गेली नव्हती.

तीनच्या सुमाराला त्यांचा श्वास बदलला. एक मोठा, मग नुसतीच शांतता, मग दोन छोटे. माझ्या छातीत काहीतरी उसळून वर आलं. आणि मी काय केलं सांगू? डोळे मिटले. सवयीनं मन टाळूवर नेलं आणि खाली उतरत गेलो. कपाळ, गाल, घशात गाठ. गाठ म्हणजे काय, तर दाब आहे, ऊब आहे. अनिच्च, टिकणारं नाही. पुढं चल. छातीत धडधड. अनिच्च. शिकवलं तसंच, कुठं न अडकता. आणि ते जमलं रे. दहा मिनिटांत आत सगळं निवळलं. अशा वेळीसुद्धा माझा तोल गेला नाही, याचा मला आनंद झाला. हे लिहिताना हात थांबतोय, पण आनंद झाला.

तेवढ्यात बोटं दाबली गेली. नाना म्हणाले, "झोपलास का रं?"

मी डोळे उघडले. "न्हाई नाना, जागा हाय." ते माझ्याकडंच बघत होते. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. आणि परत मिटले, दिल्या. परत मिटले. पाच वाजून दहा मिनिटांनी नर्सनं खांद्याला हात लावला तेव्हा उघडले.

त्यांचे शेवटचे शब्द तेच. घरात सगळ्यांना मी सांगितलं की ते झोपेतच गेले.

पुढचं तू बघितलंस. संगम माहुलीच्या स्मशानात मी सगळ्यांना कामं वाटत होतो. राख नदीत टाकायची नाही, परसातल्या आंब्याच्या मुळाशी घालायची, हे नानांनी बजावून ठेवलं होतं, तेही मीच पुढं होऊन केलं. बौद्धाचार्य म्हणाले, "याला म्हणतात साधना." आक्का म्हणाली, "तुला काहीच वाटत नाही का? त्या शिबिरांनी दगड केलाय तुझा." बौद्धाचार्यांचं ऐकून बरं वाटलं, आक्काचा राग आला. आज वाटतं, तिनं बरोबर जागेवर बोट ठेवलं. मी अजून रडलेलो नाही.

आपल्या मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हयगय. पालीत उपेक्खा म्हणजे समता, सुखादुःखात न ढळणारं मन. शब्द एकच, दोन भाषांत दोन टोकांना गेलेला. आणि आचार्य बुद्धघोषानं विसुद्धिमग्ग या ग्रंथात लिहून ठेवलंय की मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्खा या चारींना एकेक लांबचा शत्रू असतो आणि एकेक जवळचा. उपेक्खेचा लांबचा शत्रू म्हणजे राग-लोभ, तो लगेच ओळखू येतो. जवळचा म्हणजे अजाणपणातून आलेली बेफिकिरी. ती हुबेहूब उपेक्खेसारखी दिसते, म्हणून तिला कुणी दारात अडवत नाही. त्या रात्री स्टुलावर दोघींतली कोण बसली होती, एवढंच मला कळत नाहीये. आणि ते कळत नसताना आणखी खोल जायचं म्हणजे कुठं जायचं?

तुझं म्हणणं काय असेल ते मला पाठ आहे. पोवई नाक्यावर चहा गार होईपर्यंत ऐकवायचास, "बाबासाहेबांनी धम्म दिला डोळे उघडायला, आणि तुम्ही पैसे खर्चून मिटायला जाता!" शिबिराला फी नसते, जुन्या साधकांच्या दानावर ते चालतं, हे चांगलं ठाऊक असूनही पैसे हा शब्द तू मुद्दाम घालायचास. मी म्हणायचो, ही शिबिरं सुरू करणाऱ्या गोयंका गुरुजींचे गुरू उ बा खिन हे ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते, ऑफिस आणि संसार सांभाळून शिकवायचे, यात पळून जाणं कुठं आलं? गुरुजी मंडालेचे, १९६९ साली इकडं आले, आणि ही विद्या मूळ आपल्याच मातीतली. मग मी हुकमाचं पान टाकायचो, बाबासाहेबही १९५४ ला रंगूनला गेले होतेच की! त्यावर तू म्हणायचास, "परिषदेला गेले होते. मांडी घालून पाय बधिर करायला नाही."

नाना यात उघड तुझ्या बाजूचे. पाना कसा धरायचा हे त्यांनी तुला शिकवलं, मला नाही. माझ्या हातात पुस्तक दिलं. दर ७ नोव्हेंबरला आपल्या दोघांना प्रतापसिंह हायस्कूलच्या दारात उभं करायचे. १९०० साली याच तारखेला इथं भिवा नावाच्या मुलाचं, म्हणजे आपल्या बाबासाहेबांचं, नाव रजिस्टरात चढलं, हे दरवर्षी नव्यानं सांगायचे. परवा मी एकटाच गेलो. गर्दी होती, हार होते, पोरं भाषणं करत होती. मी मागं उभा राहून सगळं बघितलं, डोळे उघडे ठेवून. घरी आल्यावर हे पत्र सुरू केलं, आज तिसरा दिवस.

आता दुसरी गोष्ट. खरं तर हीच आधी लिहायला हवी होती.

इगतपुरीचं आपलं पहिलं शिबिर. पहाटे चारची घंटा, संध्याकाळी पाचला तुझे खिशात लपवलेले मुरमुरे. खोलीतले सगळे आर्य मौन पाळायचे, तुझं नाक सोडून. चौथ्या दिवशी विपश्यना दिली आणि अधिष्ठान सुरू झालं, तासभर हात, पाय, डोळे हलवायचे नाहीत. पाचव्या दिवशी दुपारच्या सामूहिक साधनेत माझ्या डाव्या बाजूला हुंदका ऐकू आला. मग दुसरा. मग कुणीतरी तोंडात पंचा कोंबल्यासारखा आवाज. तो तू होतास हे मला पहिल्याच हुंदक्याला कळलं होतं. तुझे अण्णा जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी हललो नाही. नियमच तसा होता, आणि त्या वेळी मान वळवणं चुकलंच असतं, मान्य. पण नियमानं माझी मान धरली होती, माझं मन काही धरलं नव्हतं. मनात तुझ्यासाठी काय होतं सांगू? काहीच नाही. ऐकायची संवेदना, म्हणून सोडून दिलेली. सहाव्या दिवशी तुझं आसन रिकामं. मधूनच शिबिर सोडू नये म्हणून ते आधीच बजावतात, आणि मी त्याचा दाखला देऊन बारा वर्षं तुला पळपुटा म्हणत आलो. का गेलास ते एकदाही विचारलं नाही. चुकलो, दिल्या.

सुत्त मी आता पुन्हा वाचायला घेतलंय. प्रत्येक भागाच्या शेवटी तेच शब्द येतात, अज्झत्त आणि बहिद्धा. आत बघतो, बाहेर बघतो, आत-बाहेर दोन्ही बघतो. इतकी वर्षं मी पाठ म्हणत होतो आणि बहिद्धा नुसता तोंडातून जात होता. बाहेर म्हणजे स्टुलासमोरच्या खाटेवर श्वास चालला होता ना! तो माझ्या श्वासापेक्षा जास्त बघण्यासारखा होता.

आणि भिक्खू आनंद. पंचवीस वर्षं भगवान बुद्धांची सेवा केलेला आनंद, कुशिनाऱ्याला ते जाणार हे कळल्यावर दाराला टेकून रडला. मी अजून शिकतोच आहे आणि माझे शास्ते, माझे गुरू चालले, म्हणाला. भगवंतांनी त्याला बोलावून घेतलं. शोक पुरे म्हणाले, प्रिय ते सगळं सुटायचंच हे मी सांगितलं नव्हतं का म्हणाले, पण त्याच दमात हेही म्हणाले की तू फार काळ मायेनं माझी सेवा केलीस. कच्चा होता तो अजून, पण त्याचं लक्ष सगळं समोरच्या माणसावर होतं. आक्का तशीच आहे. एकाही शिबिराला न गेलेली आक्का.

साधना सोडणार नाही, हे तुला आत्ताच सांगतो, उगाच हुरळून जाऊ नकोस. त्याच साधनेनं माझी दारू सुटली, हे तुझ्याइतकं कुणी बघितलेलं नाही. पहाटे तासभर बसतोच. पण हा अर्ज तूर्त बाजूला ठेवावा आणि आधी एका शिबिरात धम्मसेवक म्हणून जावं असं घाटतंय. घंटा वाजवायची, ताटं मांडायची, कुणाचा पाय दुखतोय, कुणाचं पोट बिघडलंय, बघायचं. बसायचं दिवसातून तीनदाच, बाकी वेळ दुसऱ्यांसाठी. ही पळवाट आहे का, ते तू सांग. तुला पळवाट लगेच दिसते.

पोरीचं नर्सिंगचं झालं का? वहिनींचं ऑपरेशन दिवाळीनंतर म्हणाला होतास, तारीख कळव. गॅरेजचं जोतं यंदा तरी उचल. २०१९ ला कृष्णामाई छातीएवढी आत आली होती, दरवर्षी दया करेलच असं नाही.

रविवारी येतोय. सकाळची सांगली गाडी धरतो, अकरापर्यंत पोचेन. आक्कालाही विचारलंय, अजून हो म्हणाली नाही. ती आली तर त्या रात्रीचं तिला मीच सांगणार आहे, पण तू शेजारी बस.

नानांच्या पान्यांचा डबा घेऊन येतोय, तो तुझाच. त्यातला बारा-तेराचा सापडत नाही. तुझ्याकडं राहिला असेल तर बघून ठेव.

तुझा,
संजा