अरुंधती खरोखर दाखवणाऱ्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,
सादर नमस्कार.

आपल्याकडच्या लग्नात अरुंधतीदर्शन बहुधा भर दुपारी उरकतं. मुहूर्त बाराचा, पंगती खोळंबलेल्या. मांडवाच्या झावळ्यांतून वर बोट दाखवायचं, ‘दिसली?’ विचारायचं आणि नवरानवरीने ‘दिसली’ म्हणायचं. तुम्ही तेवढ्यावर सोडत नाही. मूळ विधी सूर्य मावळल्यानंतरचा आहे असं सांगून दोघांना रात्री सड्यावर, म्हणजे वाडीवरच्या उघड्या कातळी पठारावर, बोलावता. त्या आग्रहाबद्दल आम्ही नवरा-बायको मनापासून आभार मानतो आणि तुमची रीत इथे लिहून ठेवतो, म्हणजे ती गावोगाव पोचेल.

पहिली गोष्ट वेळेची. मार्गशीर्षात लग्न लागलेल्यांना तुम्ही सरळ चैत्राचा वायदा देता, कारण अरुंधतीचा तारा ज्यांच्यात दिसतो ते सप्तर्षी डिसेंबरात मध्यरात्र उलटल्यावर उगवतात. एप्रिलमध्ये ते रात्री साडेआठलाच ईशान्येला वर आलेले असतात आणि मेच्या सुरुवातीला अकराच्या सुमारास उत्तरेला सर्वांत उंच, क्षितिजापासून पन्नास अंशांवर, असतात. जूनपासून पाऊस, मग विषय संपला. तिथीही तुम्ही बघून देता: संकष्टी उलटली की चंद्र उशिरा उगवतो आणि रात्री दहापर्यंत काळोख मिळतो.

जागा कातळसड्याचीच. खाली वाडीत माडांनी उत्तर झाकलेली असते आणि किनाऱ्यावर खाऱ्या, दमट हवेचा पडदा क्षितिजालगतचे तारे गिळतो. ध्रुवाचं नेमकं हेच होतं. रत्नागिरीच्या अक्षांशावर तो क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या पावणेदोन मुठी. उन्हाळ्यात तो पुष्कळदा हरवतो. अरुंधती त्याच्याहून कितीतरी मंद, चौथ्या प्रतीची. पण ती उंच असते म्हणून सापडते. सड्यावर पोचल्यावर मोबाइल खिशात ठेवून वीस मिनिटं नुसतं बसायचं, हा तुमचा नियम नव्या जोडप्यांना जड जातो. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच, आणि एकदा कुणी बॅटरी मारली की पहिल्यापासून सुरुवात. बॅटरीला लाल जिलेटीन कागद लावून आणायचा.

मग क्रम. आधी सप्तर्षींचा चौकोन, मग शेपटीचे तीन तारे: अंगिरस, वसिष्ठ, टोकाला मरीची. मधल्या वसिष्ठावर नजर ठेवायची आणि ती जराशी बाजूला सरकवायची, कारण मंद तारा नजरेच्या कडेने जास्त चांगला दिसतो. वसिष्ठाला खेटून, पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर, अरुंधती. आधी ठळक दाखवायचं, मग त्याच्या आधाराने बारीक, हाच शास्त्रकारांचा स्थूलारुंधती न्याय.

नाही दिसली तर? ‘अरुंधती दिसेना, म्हणजे दिवस भरत आले’ ही जुनी समजूत ऐकून कितीतरी म्हातारी माणसं मनातून घाबरलेली असतात. तुम्ही त्यांना शांतपणे विचारता: चष्म्याचा नंबर कधी तपासला होता, मोतीबिंदू आहे का? आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवता. आमच्या मते तुमचं सगळ्यांत मोठं काम हे.

दुर्बिणीबद्दल वेगळे आभार. १०×५० ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि पन्नास मिलिमीटर भिंगाची, साधी द्विनेत्री पुरते. पन्नाशीनंतर डोळ्याची बाहुली फार मोठी होत नाही, त्यामुळे ७×५० मधून येणारा जाड प्रकाशझोत पुरता डोळ्यात शिरत नाही आणि जादा उजेड वाया जातो. दहापट मोठं दिसतं तसा हातही दहापट थरथरतो, म्हणून आरामखुर्चीच्या हातांवर कोपरं टेकवायची. आधी बिजागरी दाबून दोन वर्तुळांचं एक करायचं. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डावा डोळा जुळवायचा, नंतर डावा मिटून उजव्या भिंगाच्या कड्याने उजवा. स्वातीसारखा ठळक तारा यासाठी उत्तम. दोघांचे डोळे सारखे नसतात, म्हणून कड्यावर नेलपॉलिशचे दोन ठिपके द्यायचे, एक त्याचा, एक तिचा. दुर्बीण दुसऱ्याच्या हाती देण्याआधी कडं त्याच्या ठिपक्यावर फिरवून द्यायचं, असं तुम्ही प्रत्येक जोडप्याला सांगता. बायकोला कुठे स्पष्ट दिसतं हे नवऱ्याला पाठ असणं, आणि तिला त्याचं, यात आम्हाला सप्तपदीइतकाच अर्थ वाटतो.

पाहून झाल्यावर भिंग शर्टाने पुसायचं नाही. मिठाचे कण ओरखडे पाडतात. रबरी फुग्याने हवा मारायची, मऊ ब्रश फिरवायचा, मगच किंचित ओलं कापड. पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगावर बुरशीचं जाळं धरतं. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढाच उपाय.

वसिष्ठ-अरुंधती एकमेकांभोवती फिरतात, बाकीच्या जोड्यांत मात्र एक स्थिर आणि दुसरा फिरता, असा संदेश दर लग्नसराईत मोबाइलवर फिरतो. तुम्ही तो कधीच खपवून घेतला नाही. सगळेच जोडतारे दोघांच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. खरं आहे ते याहून थोर आहे. वसिष्ठ स्वतःच जोडतारा असल्याचं १६१७ मध्ये इटलीत गॅलिलिओचे शिष्य कास्टेल्ली यांना दुर्बिणीतून दिसलं. साठ मिलिमीटरच्या छोट्या टेलिस्कोपमधून आपल्यालाही दिसतं. १८८९ मध्ये त्या दोघांतला ठळक ताराही जोडतारा निघाला, पुढे दुसराही, आणि २००९ मध्ये अरुंधतीचाही मंद सोबती सापडला. म्हणजे एकूण सहा. त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८० वर्षं लागतात. आज दिसणारा किरण निघाला तेव्हा लग्नघरातले आजी-आजोबा पाळण्यात होते, हे तुम्ही सांगता तेव्हा नवरानवरीच्या आधी आजी-आजोबाच एकमेकांकडे बघतात.

वैशाखात ज्यांच्याकडे लग्न असेल त्यांनी एक दिवस आधी निरोप द्यावा. खुर्च्या आणि दुर्बीण आम्ही सड्यावर आणून ठेवू. गुरुजी, तुम्ही फक्त या.

आपले नम्र,
सड्यालगतच्या वाडीतले दोघं