‘बिल कोण उचलतं ते आम्ही बघतो’

प्रति,
मा. मृद व जलसंधारण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

साहेब, २०१८ चा उन्हाळा. गावोगाव वॉटर कपचं, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या श्रमदानाच्या स्पर्धेचं, वारं होतं. ८ एप्रिलला रात्री बाराच्या ठोक्याला आमच्या माळावर दोनशेच्या वर माणसं टिकाव-फावडी घेऊन उभी होती. फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेघा बॅटरीच्या उजेडात दिसत होत्या. बांधावरून कोर्टात गेलेल्या दोन भावक्यांची पोरं त्या रात्री एकच घमेलं उचलत होती. पंचेचाळीस दिवस हे चाललं. हाताला फोड आले, कुणी मजुरी मागितली नाही.

दोन वर्षांनी गावातल्या एका पोरानं माहिती अधिकारात कागद काढले. ज्यावरून कामाचं बिल निघतं त्या मोजमाप पुस्तिकेच्या पानावर तोच गट नंबर, आम्ही उताराला आडवे खणलेले तेच समतल चर, लांबीसुद्धा जवळपास तीच. पुढे लिहिलेलं : यंत्राने खोदाई. बिल अदा. साहेब, त्या उतारावर बैल चढत नाही, जेसीबी काय चढणार?

तक्रार केली. चौकशी झाली म्हणतात. आम्हाला कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात चरांतला गाळ काढायचा होता. दवंडी दिली, व्हॉट्सॲपवर निरोप टाकला. आलो अकरा जण, त्यातल्या चौघी बचत गटाच्या. पारावर बसलेला एक जण मला म्हणाला, “गुरुजी, तुम्ही खणा. बिल कोण उचलतं ते आम्ही बघतो.” सगळे हसले. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी मीही गुडघ्याचं निमित्त करून घरीच बसलो.

पैसा खाल्ला जातो याचं गावाला आता नवल राहिलेलं नाही. दहा वर्षांत सिंचन जेमतेम ०.१ टक्का वाढलं, हा राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतला आकडा आम्ही पचवला. पाणी अडवण्याच्या सरकारी जलयुक्त शिवार योजनेवर साडेनऊ हजार कोटींच्या वर खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात फारसं यश आलं नाही, हा कॅगचा २०२० चा अहवालही पचवला. पण घाम गाळणाऱ्याला गावात येडा म्हणायला लागले की त्याचा उतारा कुठल्याच शासन निर्णयात सापडत नाही. मग नळपट्टी थकते. ‘मी एकटाच कशाला भरू?’ पलीकडचा रात्रीतून बोअर मारतो, कारण त्याला खात्री असते, आपण थांबलो तर शेजारी मारणारच. २०२३ पासून जलयुक्तचा दुसरा टप्पा आला. कामाच्या जागा बघायच्या शिवारफेरीला आमच्या गावातून किती माणसं गेली? फोटोत बसतील इतकी.

हिवरे बाजारचं उदाहरण आम्हाला प्रत्येक भाषणात ऐकवलं जातं. जरूर ऐकवा. पण तिथे दरवर्षी किती पाऊस पडला, किती पाणी उरलं याचा ताळेबंद ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडतात आणि त्यावर पिकं ठरतात. आपला त्याग शेजाऱ्याच्या उसाला जाणार नाही, हे ज्याला डोळ्यांनी दिसतं तोच ऊस सोडतो. ही गोष्ट भाषणातून नेमकी गळते.

मागणी साधी आहे. मृद-जलसंधारणाच्या कुठल्याही कामाचं बिल निघण्याआधी त्याची मोजमाप पुस्तिका ग्रामसभेत मोठ्यानं वाचली जावी. श्रमदानाची कामं नकाशावर वेगळ्या रंगानं दाखवावीत आणि त्या गट नंबरवर दुसरं बिल निघालं तर सही करणाऱ्याकडून वसुली व्हावी. ऑनलाइन टाकतोच की, असं आपले अधिकारी सांगतील. आमच्या पारावर रेंज येत नाही.

येत्या १ मेच्या ग्रामसभेला आपल्या विभागाचा एक माणूस टेप घेऊन पाठवा. माळावर जाऊ. टेपचं दुसरं टोक मी धरतो. गुडघा आता बरा आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मराठवाडा