आईच्या पाटल्यांची पावती

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

हे पत्र तुमच्या हातात देण्याऐवजी सगळ्यांसमोर ठेवते आहे. आमचा अपमान भर मंडळीत झाला होता आणि तुम्ही तो पुसलात तो आमच्या घरात, कुणी बघत नसताना. ते मला पुरेसं वाटत नाही. चार लोकांत लागलेला बोल चार लोकांतच उतरला पाहिजे. तुम्हाला संकोच होईल, त्याची आधीच क्षमा मागते.

गोव्यातल्या आमच्या वास्कोच्या मराठी ख्रिस्ती मंडळीला सगळं ठाऊक आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगते. बाबा नगरकडून मुरगाव बंदरात नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. शेजार कोकणी, घरात नगरी बोली आणि रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये मराठी उपासना. शनिवारी रात्री खुर्च्या मांडायच्या, रविवारी दुपारी एकावर एक रचून ठेवायच्या, कारण संध्याकाळी तिथे कुणाचं तरी बारसं असायचं. आपलं स्वतःचं छप्पर असावं असं प्रत्येकाला वाटे. त्यातून इमारत निधी निघाला. बाबांच्या माघारी आईने जपलेल्या दोन पाटल्या मोडल्या आणि आलेले चाळीस हजार रुपये पाकिटात घालून तेव्हाच्या पाळकांच्या हाती दिले. पावती मागितली नाही. पाळकाकडे पावती मागायची म्हणजे देवाकडेच मागितल्यासारखं, असं तिला वाटलं.

दोन वर्षं झाली तरी जागा नाही की पाया नाही. वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि विचारलं, निधीत किती जमले आणि ते कुठे आहेत? उत्तरादाखल तेव्हाच्या पाळकांकडून स्तोत्र १०५ मधलं, देवाने निवडलेल्या माणसांबद्दलचं वचन कानावर आलं, "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका." मग मी आईच्या रकमेचं नाव काढलं, तेव्हा समजलं की अशी काही रक्कम वहीत नाहीच. पुढच्या रविवारचा उपदेश मोशेच्या बहिणीवर, मिर्यामवर होता. भावाविरुद्ध बोलली म्हणून तिच्या अंगावर कोड कसं फुटलं, ते अर्धा तास चाललं. नाव कुणाचंच घेतलं नाही. पण आमच्या रांगेकडे वळलेल्या माना मी मोजू शकत होते, आणि आईला कमी ऐकू येत असलं तरी दिसत सगळं होतं. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "मी खोटं बोलले असं झालं ना गं?"

पैसे गेल्याचं दुःख आम्ही पचवलं असतं. त्या वाक्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

नंतर घरसभांच्या यादीतून आमचं घर गळालं. आईच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, ती दीड महिना पलंगाला खिळून होती, पण मंडळीतून कुणी आलं नाही. रोज पेज घेऊन यायची ती आमची कॅथलिक शेजारीण. तिच्या म्हाताऱ्या आईला कम्युनियन द्यायला इगर्जीतले, म्हणजे त्यांच्या चर्चमधले पाद्री येत, तेही एकदा आमच्या दारात थांबले आणि आईची चौकशी करून गेले. ना आमची भाषा त्यांची, ना आमची मंडळी. ज्यांच्याबरोबर वीस वर्षं प्रभुभोजन घेतलं त्यांना आमचा जिना चढवला नाही.

तेव्हाच्या त्या पाळकांबद्दल मला आता फारसं बोलायचं नाही. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांबद्दल बोलायचं आहे. एली याजकाच्या मुलांची गोष्ट आपण शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात शिकतो. लोक अर्पणाचं मांस शिजवत आणि याजकाचा माणूस तीन काट्यांचा आकडा भांड्यात घालून हवं ते ओढून नेत असे. मुलांना शिकवताना आपण त्या आकड्यापाशीच थांबतो. पुढे काय झालं? एलीने मुलांना चार शब्द सुनावले, पण आवरलं नाही, आणि देवाने बाळ शमुवेलाला जो निरोप दिला त्यात ठपका एलीवरही होता. आमच्या सभेतही सगळ्यांना शंका होती. बाहेर पोर्चमध्ये दोघा-तिघांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून "बरोबर बोललीस" असं हळूच सांगितलं. आत त्यांच्यातलं कुणी हात वर केला नाही. तो खांद्यावरचा हात मला अजून टोचतो.

मग नवे पाळक म्हणून तुम्ही आलात. हिशेब कुणाकडून तपासून घेतलात, बँकेत किती खेपा घातल्यात, पंचांच्या सभेत काय खडाजंगी झाली, हे मी लिहीत बसत नाही. मला ते अर्धवटच माहीत आहे आणि माझ्या आभाराचं कारणही ते नाही.

कारण आहे तो श्रावणातला मंगळवार. बाहेर धो-धो पाऊस. तुम्ही आणि खजिनदार छत्र्या दाराबाहेर टेकवून आत आलात. आम्ही आधीच सावध होतो. पाळक घरी येतात ते समजूत घालायला, असाच आमचा अनुभव. तुम्ही आईच्या पलंगाशेजारी स्टूल ओढलंत, तिच्या बऱ्या कानाच्या बाजूला बसलात आणि विचारलंत, "आजी, पाटल्या कशा होत्या?"

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी रकमेबद्दल भांडत होते. आई सांगत सुटली. बाबांच्या पहिल्या बोनसातून घेतलेल्या, नगरच्या सराफाकडच्या, वर नक्षी नको म्हणून हट्टाने साध्या करून घेतलेल्या, डाव्या हातातली जरा सैल. मोडायला गेली तेव्हा पणजीहून आलेल्या भाचीला सोबत नेलं होतं. तुम्ही मध्ये एकदाही बोलला नाहीत. खजिनदार लिहून घेत होते. चहा गार झाला.

मग तुम्ही मंडळीच्या कागदावर तुमच्या हाताने लिहिलंत आणि आईच्या कानाशी वाचून दाखवलंत. इमारत निधीसाठी दोन सोन्याच्या पाटल्या मोडून चाळीस हजार रुपये दिल्याचे त्या सांगतात. मंडळीच्या वहीत या रकमेची नोंद नाही. नोंद न ठेवणे ही मंडळीची चूक आहे, देणाऱ्याची नाही. मंडळी त्यांची क्षमा मागते.

आई म्हणाली, "सांगतात कशाला? दिले म्हणून लिव्हा की."

माझाही जीव वर आला होता. एवढं आलाच आहात तर एक शब्द बदलायला काय जातं, म्हाताऱ्या बाईचं समाधान होईल, असं मनात आलं. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, "आजी, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण मी तेव्हा इथे नव्हतो, मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं मी पाहिल्यासारखं लिहिलं, तर जुन्या वहीत आणि माझ्या कागदात फरक काय राहिला?"

आईने थोडा वेळ विचार केला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "बरोबर आहे. तसंच राहू द्या. सही करा." तुम्ही सही केलीत आणि कागद खजिनदारांकडे सरकवलात, "एकाच्या सहीवर काही नको." माझ्याआधी आईला कळलं होतं. तिला गोंजारणारा माणूस नको होता. खोटं न लिहिणारा माणूस हवा होता, आणि तो क्षमा मागत होता.

पैसे परत मिळालेले नाहीत आणि मिळतील असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, हेही इथे लिहून ठेवते. उगाच कुणी समजायला नको की आमचे पैसे मिळाले म्हणून मी गोड बोलते आहे.

आईने तो कागद बायबलात ठेवला नाही. रेशन कार्ड, आधार आणि बाबांच्या पेन्शनचं पुस्तक ज्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे, त्या पिशवीत ठेवला. ती पिशवी घरात पाणी शिरलं तर पहिल्यांदा उचलायची, असा आमच्याकडे नियम आहे.

तेव्हापासून तुमच्या बारीकसारीक गोष्टी मी वेगळ्या नजरेने बघते. पहिल्या वार्षिक सभेत तुम्ही शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचलात. म्हातारा शमुवेल सगळ्या इस्राएलासमोर उभा राहून विचारतो, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाला फसवलं, कुणाकडून लाच घेतली, सांगा. वाचून झाल्यावर तुम्ही तुमचा पगार, घरभाडं आणि मंडळीने दिलेल्या फोनचं बिल सांगितलंत, आणि माझ्या कामाबद्दल मोकळेपणी बोला म्हणून हॉलबाहेर जाऊन उभे राहिलात. आम्ही खिडकीतून बघत होतो, तुम्ही पावसात पत्र्याखाली उभे होता. अभिषिक्ताला हात लावू नका या वचनाचा अर्थही मला तुमच्याकडूनच समजला. ते स्तोत्र परक्या मुलखात भटकणाऱ्या, संख्येने थोड्या असलेल्या पूर्वजांबद्दल आहे. देवाने त्यांच्यासाठी राजांना दटावलं. दुबळ्याच्या रक्षणाचं वचन आम्हाला बलवानाची ढाल म्हणून दाखवलं गेलं होतं. आणि दावीद तर स्वतः शौल राजाला देवाचा अभिषिक्त म्हणायचा, त्याच्यावर हात टाकला नाही, पण झग्याचा कापलेला काठ हातात धरून त्याच्या तोंडावर त्याला जाब विचारलाच.

पौलाचंही तसंच. यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी त्याने एकट्याने नेली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी पारखलेले आणखी दोन भाऊ दिले, आणि करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात कारणही सांगितलं, की कुणी दोष ठेवू नये, आणि जे देवासमोर योग्य तेच माणसांसमोरही योग्य असावं. पौलाला सोबतीला माणसं लागली, तर वास्कोच्या हॉलमधल्या अर्पणाच्या पिशवीला दोन माणसं मोजायला का नकोत? आता ती मोजतात, आणि रक्कम त्याच दिवशी फळ्यावर लागते. शेजारीण म्हणते, आमच्या फाब्रिकेतही, म्हणजे इगर्जीचा हिशेब बघणाऱ्या समितीतही, वह्या असतात गो, पण वह्या बोलत नाहीत, माणसाने बोलावं लागतं.

मुलांच्या बाबतीत तुम्ही केलंत त्याचे आभार आयांच्या वतीने मानते. शब्बाथ शाळेच्या खोलीचं दार काढून काचेचं लावलंत, शिक्षक दोन असल्याशिवाय वर्ग भरत नाही, आणि पालकांच्या सभेत स्वच्छ सांगितलंत, की मुलाबाबत काही वाईट घडल्याचं कळलं तर ते मंडळीत मिटवायचं नाही, मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच हवं, मग बोट पाळकाकडे असलं तरी. एक काका म्हणाले, याने मंडळीची बदनामी होईल. तुम्ही म्हणालात, झाकल्याने जास्त होते. त्यावर कुणी बोललं नाही. आईच्या मिर्यामच्या रविवारी जशी शांतता होती तशी ही नव्हती.

शेजारीण दर जानेवारीत जवळच्या सांकवाळला संत जोसेफ वाझ यांच्या नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला जाते. आम्ही संतांपुढे मेणबत्ती लावणारे नव्हे, पण या माणसाची गोष्ट ती इतक्या जिव्हाळ्याने सांगते की मीही ऐकत बसते. १६५१ मध्ये बाणावलीला जन्मलेला मुलगा. डच लोकांनी कॅथलिक पाद्र्यांवर बंदी घातलेल्या श्रीलंकेत मजुराच्या वेशात शिरला. १६९७ मध्ये तिथल्या कँडीत देवीची साथ पसरली आणि लोक घरच्यांनाही टाकून पळाले, तेव्हा रोग्यांना धूत, भरवत, पुरत मागे राहिला. परत आलाच नाही. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं तेव्हा सांकवाळात फटाके वाजले, ते आमच्या गच्चीवर ऐकू आले होते. आमच्या घराजवळच्या या रस्त्यांवरून तसा एक माणूस चालून गेला. लोक अजून त्याचं नाव घेतात ते त्याने किती मोठी इगर्ज बांधली म्हणून नव्हे.

तुम्ही संत नाही, पाळकसाहेब. तुम्हाला राग येतो, उपदेश लांबतो, बायबल क्लासला उशीर होतो. पण तुमच्यासमोर प्रश्न विचारला तर अंगावर कोड फुटेल अशी भीती आता कुणाला वाटत नाही. मागच्या सभेत कॉलेजातल्या एका मुलीने विजेच्या बिलाबद्दल विचारलं. तुम्ही "थांब, बघून सांगतो" म्हणालात आणि खरंच बघून सांगितलंत. चूक होती. दोनशे दहा रुपयांची. वहीत लाल शाईने दुरुस्त झाली, शेजारी तुमची सही आणि तारीख. ती मुलगी खाली बसली तेव्हा तिच्या शेजारी आई बसली होती. सहा वर्षांनी आलेली. पंख्याखालची खुर्ची तिच्यासाठी कुणीतरी आधीच धरून ठेवली होती. कुणी ते मला अजून कळलं नाही, कळलं तर त्यांचेही आभार मानेन.

येत्या गुरुवारी संध्याकाळी जेवायला या. आई स्वतः बाजरीच्या भाकरी थापणार आहे, पीठ नगरहून आलं आहे, मटण मी करते. खजिनदारांना नक्की घेऊन या. आई दोनदा बजावून सांगते आहे, "त्यांची पण सही हाये त्या कागदावर."

तुमची मंडळीतली,
त्या पाटल्यांच्या आजीची मुलगी